कणगीच्या जागी सोफा

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. खच्चून भरलेल्या गाडीत एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या माणसाला "आत सरका" सांगायचं, आणि तो सरकला नाही तर त्याच्या सात पिढ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगायचं. ती सवय रिटायर झालो तरी सुटली नाही. घरात मी मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटतं आमचं वाजलं. बायको म्हणते, "अवो, मी इथंच हाय. मुरबाडला नाय."

आमचं गाव कर्जतहून कशेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला. पोरगी लग्न होऊन पुण्याला गेली, त्यालाही आता बारा वर्षं झाली. घरात आम्ही दोघं, आणि एक मांजरी.

बायकोनं लग्नापासून माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे मी चारचौघांत अभिमानानं सांगायचो. मागून मिळण्याची आशा नव्हती म्हणून मागितलं नसेल, हा विचार तेव्हा डोक्याला शिवला नव्हता. तर मागच्या दसऱ्याला तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "मला पुढच्या घरात सोफा पायजे. आणि ती कणगी भायेर काढा."

कणगी म्हणजे आमची भात साठवायची. बांबूच्या कामट्यांची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माझ्या छातीपर्यंत उंच. पुढच्या घरात शिरलं की डाव्या हाताला तीच दिसायची. बायकोचा राग होता तो हळदीकुंकवावरून. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या आळीतल्या बाया घरोघर जातात. इतरांच्या घरी एकेक करत सोफे आले, खुर्च्या आल्या. आमच्याकडे सतरंजीवर बसायचं आणि टेकायला कणगी. उठताना एखादीच्या नव्या साडीला पाठीमागे शेणाचे डाग. त्या बायका काही बोलायच्या नाहीत. पण हिचं तोंड दोन दिवस एवढंसं असायचं.

माझा गुडघा गेल्यापासून शेत अर्धेलीनं दिलेलं. आमच्या वाट्याचं भात गोणीत भरून येतं आणि गिरणीवर जातं. कणगी रिकामीच होती. मी म्हटलं, काढू. काढली, फोडली आणि न्हाणीच्या चुलीत घातली. चार दिवस आंघोळीचं पाणी तिच्यावर तापलं. कर्जतहून टेंपोनं सोफा आला. मोरपंखी रंगाचा, तीन माणसं बसतील असा. भिंतीला बरोबर तेवढीच जागा होती, जिथं कणगी उभी असायची. तिथं तो बसवला. बायकोनं लांबून बघितला, जवळून बघितला, मग कडेला टेकून बसली, जशी दुसऱ्याच्या घरी बसते तशी.

आता मांजरीचं सांगतो. नऊ वर्षांपूर्वी गवताच्या भाऱ्यात सापडलेलं पिल्लू. नाव ठेवलं नाही. "ये गं" म्हटलं की येते, "चल हो" म्हटलं की ऐकत नाही. मी रिटायर होईपर्यंत माझं तिच्याकडे फार लक्ष नव्हतं. पण घरी बसलो आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की आपलं बोलणं ऐकणारं आता कोणी नाही. गाडीत पन्नास माणसं झक मारत ऐकायची. घरात बायको कामात. ही एकटी माझ्या पायावर येऊन बसायची आणि मी रस्त्यांवर, ड्रायव्हरांवर, सरकारवर बोलत राहिलो तरी उठून जायची नाही. मी सगळ्यांना सांगून ठेवलं, ही मांजरी माझी. एवढा जीव मी पोरगी सोडून कोणावर लावला नसेल. लाजायचं काय त्यात.

तर सोफा आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही आली, मागच्या पायांवर उभी राहिली, अंग ताणलं, आणि सोफ्याच्या डाव्या हाताच्या कापडात नखं रुतवून कर्र कर्र खाली ओढली. बायको दारात उभी होती. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही. वाकून निघालेले दोरे बोटानं आत बसवत म्हणाली, "हळदीकुंकवाच्या आत हिची खोड मोडली तर बरं. नायतर ह्या घरात एक तर सोफा ऱ्हाईल, एक तर ही."

बायको एकदा बोलली की बोलली. माझ्यासारखी दिवसातून दहा वेळा बोलत नाही. खोड मोडायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवात मी आवाजानंच केली. ती सोफ्याजवळ गेली की मी ओरडायचो, टाळ्या वाजवायचो, चप्पल आपटायचो. चार दिवसांत तिला पक्कं समजलं की हा म्हातारा घरात असताना नखं लावायची नाहीत. मी ओट्यावर गेलो की आतून कर्र. आत आलो की बाईसाहेब मधोमध बसून पंजा चाटतायत. पालथ्या घड्यावर पाणी.

मग कोणीतरी सांगितलं, तिखट लावा. मी घरचं मसाल्याचं तिखट सोफ्याच्या हातावर भुरभुरलं. मांजरीनं लांबूनच वास घेतला आणि उजव्या हाताकडे गेली. दुपारी जेवून मीच सोफ्यावर आडवा झालो, हात टाकला तो नेमका तिखटात, आणि झोपेत डोळा चोळला. पुढचा अर्धा तास मी काय बोललो ते आळीत अजून सांगतात. बायको पाण्याची कळशी घेऊन आली, डोळ्यावर पाणी मारलं आणि तोंड पलीकडे करून हसत राहिली. म्हणाली, "मांजरीची खोड मोडायची का तुमची?"

लिंबाच्या साली ठेवल्या, मुंग्या झाल्या. नखं कापायला बसलो. बायकोनं तिला फडक्यात गुंडाळून धरलं, मी नेलकटर घेतला. चार नखं कापली आणि माझ्या मनगटावर पाच ओरखडे आले. तरी नेटानं सगळी कापली. टोकं गेली तरी तिचं सोफ्यापाशी ताणणं काही थांबलं नाही, आणि पंधरा दिवसांत नखं पुन्हा होती तशी. शेवटी सोफ्याला प्लॅस्टिक घातलं. त्यावर बसलं की चर्र आवाज, उठलं की साडी चिकटलेली. बायको म्हणाली, "हे प्लॅस्टिक बघायला घेतलाय का सोफा?" आणि काढून टाकलं.

डिसेंबर संपत आला. डाव्या हाताचं कापड आता चांगलंच विस्कटलं होतं. बायकोनं त्यावर उशीचा अभ्रा टाकून ठेवला होता. संक्रांत तोंडावर आली होती.

अशात मी बाजाराच्या दिवशी कशेळ्याला गेलो. बाजारात डोंगराकडची एक बाई सुपं, टोपल्या आणि लहान कणग्या घेऊन बसते. वीस वर्षं ती माझ्या गाडीनं येत होती, टोपल्या टपावर टाकण्यावरून आमची दर वेळी भांडणं. म्हणजे ओळख जुनी. तिनं मनगट बघितलं आणि विचारलं काय झालं. मी सगळं पुराण सांगितलं. ती सुपाच्या कडेला दोरा ओवत होती. मान वर न करता तिनं एकच विचारलं.

"आदी काय व्हतं तितं?"

"कुठं?"

"सोप्याच्या जाग्याला."

मी म्हटलं, "कणगी." आणि बोलतानाच माझ्या डोक्यात लख्ख झालं. नऊ वर्षं ही मांजरी रोज सकाळी त्या कणगीवर नखं ओढत होती. खरखरीत बांबू, तिच्या अंगापेक्षा उंच, ढकलली तरी हलणार नाही अशी. आम्ही कधी बघितलंच नाही, कारण कणगी म्हणजे सामान थोडंच, आणि दर वर्षी नवं लिंपण चढलं की ओरखडे झाकले जायचे. मांजरीनं नवीन काही केलंच नव्हतं. तिची वस्तू आम्ही आंघोळीच्या पाण्याखाली जाळली आणि तिच्या जागेवर आपला सोफा आणून ठेवला. वर तिलाच चोर ठरवलं.

बाई म्हणाली, "रिकामी ठेवू नको. हलली तं ती हात लावायची नाय."

मी कमरेएवढी कणगी घेतली. जीपच्या टपावर बांधून आणली. ती सोफ्याच्या डाव्या हाताला अगदी खेटून ठेवली, आत भाताची अर्धी गोणी उभी केली, शेण आणून स्वतः लिंपली, वरचा अर्धा भाग बांबूचा उघडा ठेवला. दोन दिवस मांजरीनं नुसता वास घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी आली, सोफ्याकडे बघितलं, कणगीकडे बघितलं, उभी राहिली आणि कणगीवर अशी नखं ओढली की ऐकून माझं पोट भरलं. त्यानंतर आठ दिवस सोफ्याला एक नख लागलं नाही. मी आळीभर सांगून आलो.

बायको त्या आठ दिवसांत काहीच बोलली नव्हती. माझी दवंडी पिटून झाल्यावर संध्याकाळी तिनं मला पुढच्या घरात बोलावलं आणि कणगीकडे बोट दाखवलं.

"ही हळदीकुंकवाला इथंच ऱ्हाणार?"

"अगं, पण सोफा वाचला ना."

"सोफा कशापायी घेतला मी? ही कणगी जावी म्हणून. तुमी ती परत आणलीत, वरनं शेण लावून. मला बायांना परत शेणापाशी बसवायचंय का?"

तिचं खोटं नव्हतं. मी कणगी उचलून मागच्या पडवीत नेली. म्हटलं, शहाणी असेल तर जाईल तिथं. दुसऱ्या सकाळी शहाणी पुढच्या घरातच आली, रिकाम्या जागेचा वास घेतला आणि सोफ्याचा हात धरला. ह्या वेळी टराटर आवाज आला. अस्तराखालचा फोम दिसायला लागला.

बायको काही बोलायच्या आत माझी जीभ सुटली. रागावलो कोणावर होतो, देव जाणे. ओरडलो, "मग मांजरच नको ना! उद्या नेऊन सोडतो हिला. नेतोच!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोलून गेल्यावर वाटलं, आता ही म्हणेल राहू द्या. मी वाट बघत उभा राहिलो. ती खाली बघून म्हणाली, "बरं."

आता माघार कशी घ्यायची? दोन दिवस मी काहीतरी कारण काढत राहिलो. मग माझीच मला लाज वाटली. झाकणाची टोपली घेतली, मांजरीला आत घातलं आणि लोधिवलीला धाकट्या बहिणीकडे नेऊन सोडली. बहिणीच्या घरी उंदीर फार, ती खूश झाली. मी चहा घेतला नाही. परतीच्या गाडीत रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसलो, आणि शेजारच्यानं विचारलं काय विकून आलात, तर त्याच्यावर विनाकारण खेकसलो.

हळदीकुंकू झकास झालं. बायकोनं सोफ्याचा हात आतून टाके घालून शिवला, वर विणलेला रुमाल टाकला. बाया आल्या, सोफ्यावर बसल्या, एकमेकींना "तू बस गं, तू बस" म्हणाल्या. रंगाचं कौतुक झालं. तिळगूळ झाला, वाण म्हणून स्टीलच्या वाट्या दिल्या. मी मागे पडवीत बसून ऐकत होतो. तीसेक वर्षांत बायकोचा आवाज इतका मोकळा मी ऐकला नव्हता, आणि मला तिच्यासाठी खरोखर बरं वाटलं. पडवीत माझ्यासमोर ती कणगी उभी होती. तिच्याकडे मी पाठ करून बसलो.

पुढचे दिवस घर अगदी सुनं सुनं वाटायला लागलं. मी बोलायला लागलो की माझाच आवाज मला ऐकू यायचा. बायकोला सांगावं तर तिचं समाधान कशाला नासवायचं? आणि नेऊन सोडलं कोणी, मीच. आपलेच दात, आपलेच ओठ. बारा-तेरा दिवस दम धरला. मग एके दिवशी सकाळी म्हणालो, "चष्म्याची दांडी सैल झालीय, कर्जतला जाऊन येतो. उशीर झाला तर जेवून घे." बायको म्हणाली, "मला पण शिंपिणीकडं जायचंय, ब्लाऊजचं काम हाय. तुमी व्हा पुढं."

कर्जतला मी आधी सुके बोंबील घेतले. चष्म्याच्या दुकानासमोरून गेलो खरा, पण आत काही शिरलो नाही. स्टँडावर एका ओळखीच्याशी गप्पांत चौकची एक गाडी चुकली, दुसरी पकडली. चौकला उतरून रिक्षानं लोधिवली. वाटेत शंभर वेळा ठरवलं, बहिणीला काय सांगायचं. सहज आलो म्हणायचं. सहज येणाऱ्याच्या खिशाला बोंबलाचा वास का, हे विचारलं तर काय सांगायचं, ते मात्र ठरत नव्हतं.

ओट्याच्या पायरीशी चपला काढताना माझी नजर शेजारच्या चपलांवर गेली. उजव्या चपलेचा पट्टा निळ्या दोऱ्यानं शिवलेला. तो मीच शिवलेला होता.

आत बायको जमिनीवर मांडी घालून बसली होती. मांडीवर मांजरी. समोर स्टीलचा डबा उघडा, त्यात भात आणि सुकट कालवलेली, आणि बायको एकेक घास बोटांनी काढून तिच्यापुढे धरत होती. मला बघून मांजरी उठली नाही. बायकोही उठली नाही.

"झाली का चष्म्याची दांडी?" तिनं विचारलं.

"तुझा ब्लाऊज झाला का?"

बहीण आतून पाणी घेऊन आली. आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून तिला हसू आवरेना. मला म्हणाली, "दादा, हिला सोडल्यापास्नं तू आज पयल्यांदा आलास. वयनी तिसऱ्यांदा आलीय." मग बायकोकडे बघून म्हणाली, "तुमी दोगं काय ते ठरवा. पण हिला घेऊन जा. माझे उंदीर तसेच हायत. ही दिवसभर दारात बसते आन कोण आलं की उठून बघते."

मी खाली बसलो. खिशातले बोंबील काढून पुढ्यात ठेवले. बायकोनं ते उचलून डब्यात घातले.

बहिणीनं टोपली दिली. गाडीत खिडकीकडे बायको, तिच्या मांडीवर टोपली, आणि कडेला मी. चौक मागे पडला. मग मी जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारलं, "तुला एवढी पाहिजे होती, तर मला त्या दिवशी अडवलं का नाहीस?"

ती टोपलीचं झाकण सारखं करत राहिली. "तुमी ओरडलात की मी बरं म्हणते," ती म्हणाली. "पयल्यापास्नं तसंच चाललंय."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं हात वर केला. तिनं मला असं थांबवलेलं मला तरी आठवत नाही.

"तुमी आळीभर सांगता, मांजरी माझी. मी ऐकते, हसते. तुमच्या ड्युट्या असायच्या. मुक्कामाची गाडी असली की रात्री पण नाय. पोरगी गेली, मग त्या घरात मी कुणाशी बोलायची? हिच्याशी बोलले. सात वर्षं. तुमी रिटायर झालात आन ती तुमच्या पायावर बसायला लागली. मला वाटलं, बसू दे. तुमाला पण कुणीतरी पायजे." मग म्हणाली, "घरी गेल्यावर पडवीतली कणगी पुढं आणा. मी लिंपते. तुमचं लिंपण काय धड नाय."

"आणि पुढच्या वर्षी बाया?"

"बाया बसतील सोफ्यावर. कणगीला कोण टेकली तर सांगीन, बाई गं, ती मांजरीची हाय."

मला तिची माफी मागायची होती. पण गाडीत पन्नास माणसं होती. तेवढ्यात कंडक्टर आला, तरणा पोरगा. त्यानं टोपलीकडे बघून विचारलं काय आहे. बायको म्हणाली, "घरचं माणूस." तो हसून पुढे गेला.

मग ती झाकणाच्या फटीतून आत बघत मांजरीशी बोलायला लागली. शिंपिणीचं निमित्त काढून कशी निघाली ते सांगितलं, पुण्याहून पोरीचा फोन आला होता त्याचं सांगितलं, रुमाल टाकूनसुद्धा एका बाईनं सोफ्याचे टाके कसे बरोबर हेरले ते सांगितलं. आपल्या गुडघ्यात दिवाळीपासून कळ येते, हेही तिनं मांजरीलाच सांगितलं. बोलत होती हळूच, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. कर्जत येईपर्यंत ऐकत बसलो, आणि त्यातलं निम्मं तरी मला आज पहिल्यांदा कळत होतं.